पाशांच्या तोंडातली सिगारेट

गॅसच्या बाबतीत माझा हात धरेल असा माणूस अख्ख्या इर्बिद शहरात नाही! हे मी उगाच सांगत नाही, माझ्याकडे सर्टिफिकेट आहे. घरगुती गॅसच्या सुरक्षिततेचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण होतं आणि आमच्या शाळेतून एक शिक्षक पाठवायचा होता. विज्ञानाचे सर आजारी पडले, गणिताचे सर लपून बसले, म्हणून भूगोल शिकवणाऱ्या मला पाठवलं. साडेतीन तासांत मी इतका पारंगत झालो की चौथ्या तासाला मीच शिकवायला उभा राहिलो असतो, पण तेवढ्यात जेवण आलं.

सर्टिफिकेटला मी सोनेरी चौकट करून घेतली आणि ते बैठकीच्या खोलीत लावलं. वडिलांच्या फोटोच्या वर! तेव्हापासून माझ्या कोटाच्या खिशात कायम एक डबी असते. डबीत साबणाच्या पाण्यात भिजवलेला स्पंज. कुणाकडेही गेलो की सलाम, तब्येतीची विचारपूस आणि थेट स्वयंपाकघर! गॅसच्या नळीला फेस फासायचा आणि बुडबुडे येतात का बघायचं.

"अबू गैदा, आधी चहा तर घ्या!"

"चहा ज्या शेगडीवर होणार, ती तर आधी बघू द्या!"

महिन्याभरात मला चहाचं विचारणारे बरेच कमी झाले.

आमच्या बायकोला, म्हणजे उम्म गैदाला, आमच्या गैदाच्या आईला, याचं काडीचं कौतुक नाही. "लग्नाला सव्वीस वर्षं झाली, माझा वाढदिवस तुम्हाला पाठ नाही," ती म्हणते, "आणि त्या प्रशिक्षणात मिळालेल्या पत्रकातले बारा नियम पाठ!"

पाठ आहेतच मुळी! झोपेतून उठवून विचारा!

तर आमच्या एकुलत्या एका लेकीला, गैदाला, मागणी घालायला जाहा, म्हणजे मुलाकडच्या वडीलधाऱ्यांची मंडळी, येणार होती. जानेवारीतला शुक्रवार, वेळ दुपारच्या नमाजानंतरची, आणि चांगली चाळीस माणसं! मुलगा मुहन्नद, पाण्याच्या पंपांच्या कारखान्यात इंजिनीअर. दोघांचं आपसात कधीच ठरलं होतं, फक्त चाळीस माणसांनी येऊन ते ठरवायचं बाकी होतं. मुलाकडून बोलणार होते झैदान पाशा, सैन्यातून निवृत्त झालेले ब्रिगेडियर. मिशा अशा की दोन्ही टोकांना एकेक ऑलिव्ह खोचून ठेवावं! आमच्याकडून बोलणार होता माझा थोरला भाऊ हाज अताल्ला. त्याचा डावा कान निव्वळ शोभेचा आहे.

आणि जाहाचं खरं नाटक असतं ते कॉफीचं. पाहुण्यांतला वडीलधारा कडू कॉफीचा कप हातात घेतो आणि न पिता समोर ठेवतो. आधी मागणी, मग मुलीकडच्यांचा होकार, मग घोट. घोट घेतला की लग्न जमलं. कप तसाच भरलेला ठेवून पाहुणे उठले, तर सात पिढ्यांचं वैर!

त्या दिवशी पाहुणे यायच्या तासभर आधी माझ्या मनात आलं, बैठकीतल्या हीटरची रबरी चकती बदलून टाकावी. चाकांवरचा हीटर, त्याच्या पोटातच सिलिंडर, आणि रेग्युलेटर जिथे बसतो तिथे ती चकती.

"आज?" उम्म गैदा कुनाफ्याच्या मिठाईचं ताट हातात घेऊन किंचाळली. "आजच सुचलं?"

"अगं, चाळीस जीव या खोलीत बसणार! त्यांची जबाबदारी कुणाची?"

"नवा सूट घातलाय तुम्ही!"

सुटाच्या बाह्या सरसावून मी पान्याने रेग्युलेटर खोलला. जुनी चकती काही दिसेना. पडली असेल कुठेतरी, म्हटलं. नवी बसवली, रेग्युलेटर आवळला, सिलिंडर उघडला. आता फक्त साबण लावून बघायचं. पण डबी राहिली जुन्या कोटात! ती आणायला वळतो तोच गल्लीत गाड्यांचे हॉर्न. म्हटलं, जाऊ दे, अनुभवी हाताला कळतं की! हीटर पाशांसाठी ठेवलेल्या सोफ्यामागे सरकवला आणि दाराकडे धावलो.

हीटर पेटवायची गरजच पडली नाही. चाळीस माणसं, चाळीस लोकरीचे झगे आणि थंडीमुळे घट्ट लावलेल्या खिडक्या. खोली तंदूरसारखी तापली. कॉफी फिरली. झैदान पाशांनी कप घेतला, ऐटीत समोर ठेवला, मिशांवरून हात फिरवला आणि उभे राहिले.

"अल्लाहच्या नावाने! हे थोर घराण्यातल्या थोर लोकहो..."

तेवढ्यात माझ्या नाकाला वास आला.

आधी वाटलं पाशांच्या मिशांचं तेल असेल. मग वाटलं शेजाऱ्यांकडे कोबी शिजतोय. मग पायाखालची जमीन सरकली. गॅस! जड गॅस, जमिनीलगत साचणारा, सोफ्यामागून गुपचूप पसरणारा!

पत्रकाचा नियम चौथा डोळ्यांसमोर आला: घबराट होईल असं काही बोलू नये, सर्वांना शांतपणे बाहेर न्यावं. मी शांतपणे उठणार, इतक्यात पाशांनी भाषणाला रंग चढावा म्हणून ओठांत सिगारेट धरली आणि खिशातून लायटर काढला.

मी हवेतून गेलो! खरंच सांगतो, मधल्या टेबलाला माझा पाय लागला नाही. एका हाताने पाशांच्या तोंडातली सिगारेट उपटली, दुसऱ्या हाताने लायटर हिसकावला.

"अबू गैदा," पाशा सावकाश म्हणाले, "हे काय?"

"पाशा, जरा बाहेर चला."

"बाहेर?"

"सगळेच चला. आत्ताच्या आत्ता. दिव्याच्या बटणाला हात लावू नका, फोन काढू नका."

"माझी मागणी अजून तोंडातच आहे!"

"तोंडात काही ठेवू नका पाशा! ना मागणी, ना सिगारेट!"

पाशांचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. मी घाईघाईने अताल्लाकडे वळलो आणि त्याच्या कानात कुजबुजलो, "दादा, गॅस! गॅस झालाय!" घाईत कान डावा निवडला. पण आश्चर्य म्हणजे त्याने ऐकलं! निदान शेवटचे दोन शब्द.

अताल्ला धीरगंभीरपणे उठला. छातीवर हात ठेवला. "मंडळी, माफी असावी," तो खणखणीत आवाजात म्हणाला, "माझ्या धाकट्या भावाला गॅस झालाय!"

चाळीस माणसांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पोटाकडे.

"अहो, मग यांनी बाहेर जावं!" पाशा गरजले. "चाळीस माणसं कशाला?"

मागून कुणीतरी हलकेच विचारलं, "इतका?"

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना वास आला. त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि शेजाऱ्याला म्हणाले, "इतका!"

त्याबरोबर सगळे स्वतःहूनच उठले. मी दोन्ही हात पसरून, मेंढ्या हाकाव्यात तसं त्यांना अंगणातून थेट गल्लीत नेलं. कॉफीचे भरलेले कप मागे तसेच राहिले. पाशांचाही!

आतल्या खोलीतून बायका धावत दारात आल्या. "अहो, काय केलंत?" उम्म गैदाच्या हातात अजून कुनाफ्याचं ताट होतं. "हाकललंत त्यांना?"

"बाबा!" गैदा पुढे आली. "तुम्ही नाही म्हणालात?"

पोरीचे डोळे भरलेले होते. बारा नियम पाठ असलेला माणूस मी, पण रडणाऱ्या लेकीला काय सांगावं याचा नियम त्या पत्रकात नव्हता. मी नुसता बैठकीकडे हात करून म्हणालो, "वास... हीटर..."

तिकडे गल्लीत पाशांनी हुकूम सोडला, "गाड्या काढा! पन्नास जाहांमध्ये बोललोय मी. लोकांनी नकार दिलेत, भांडणं केलीत, एकाने कुत्रं सोडलं होतं अंगावर! पण असलं कारण कुणी दिलं नव्हतं!"

त्यांची गाडी आमच्या फाटकाला अगदी खेटून उभी होती. ती सुरू होणार, ठिणगी उडणार! मी धावत जाऊन गाडीसमोर आडवा झालो. "गाडी सुरू करू नका! ठिणगी पडेल!"

"ठिणगी तुम्ही टाकलीत, अबू गैदा!"

"पाशा, पाया पडतो, किल्ली फिरवू नका!"

"हा माणूस बसू देत नाही आणि जाऊही देत नाही!" पाशांनी आकाशाकडे बघून अल्लाहलाच तक्रार केली. गल्लीतल्या खिडक्या भरल्या होत्या. समोरच्या गच्चीवर तर खुर्च्या मांडल्या गेल्या. बिचारा मुहन्नद, चेहरा लबन्याच्या दह्यासारखा पांढरा, एकदा पाशांच्या बाहीला धरत होता, एकदा माझ्या.

तेवढ्यात आमच्या बैठकीच्या खिडक्या धाडधाड उघडल्या. एक, दोन, तीन! मग फाटकात गैदा आली. ओढणी नाकावर बांधलेली, डोळे पुसलेले.

"सगळ्यांनी ऐका!" ती ओरडली. "हीटरचा सिलिंडर गळत होता! तुम्हाला काही होऊ नये म्हणून बाबांनी बाहेर काढलं! मी सिलिंडर बंद केलाय, खिडक्या उघडल्यात. वास जाईपर्यंत कुणी आत जायचं नाही!"

आणि मला एकदम आठवलं. पत्रकातला नियम पहिला, सगळ्यात वरचा, ठळक अक्षरांतला: आधी सिलिंडर बंद करा. चाळीस माणसं मी बाहेर काढली, पण सिलिंडर तसाच उघडा ठेवून!

"म्हणजे..." पाशा थबकले. "तो गॅस हा गॅस होता?"

"हाच हो पाशा!"

"पोटातला नव्हे?"

"अजिबात नव्हे!"

पाशांनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या किल्लीकडे पाहिलं, माझ्या मुठीत चुरगळलेल्या सिगारेटकडे पाहिलं. त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. मला वाटलं, आता मारतात. आणि ते हसले! असे हसले की गाडीच्या टपाला धरून वाकले. मग चाळीस माणसं हसली, गच्ची हसली. अताल्लाही हसला. का ते त्याला संध्याकाळी सांगावं लागलं.

अर्ध्या तासाने वास पुरता गेल्यावर मुहन्नदने सिलिंडर अंगणाच्या टोकाला नेला आणि रेग्युलेटर खोलला. मी शेजारीच उभा होतो. आत दोन चकत्या होत्या. जुनी चपटी होऊन तळाला चिकटलेली, आणि तिच्या डोक्यावर माझी नवी. एकावर एक! मग गळणार नाही तर काय?

पोराने वर पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

"काय निघालं रे?" पाशांनी लांबून विचारलं.

"रबर खराब झालं होतं, पाशा," तो म्हणाला आणि एक चकती मुकाट्याने खिशात घातली.

त्या क्षणी मी ठरवलं, या मुलाने गैदाबरोबर माझं घर मागितलं असतं तरी दिलं असतं!

मागणी गल्लीतच झाली. समोरच्या शेजाऱ्यांनी त्यांच्याकडची कॉफी आणली. पाशांनी कप गाडीच्या टपावर ठेवला आणि भाषण पहिल्यापासून सुरू केलं. अताल्ला म्हणाला, "मुलगी तुमचीच!" थंडीने कुडकुडत सगळ्यांनी फातिहाची प्रार्थना म्हटली आणि पाशांनी घोट घेतला. उम्म गैदाचं ताट शेवटी एकदाचं हातातून सुटलं. कुनाफा गार झाला होता, पण एक तुकडा उरला नाही.

दोन आठवड्यांनी निकाहनामा लिहायला शेख आले. लिहिता लिहिता रीतीप्रमाणे त्यांनी विचारलं, "मुलीची काही अट?"

"एकच," गैदा म्हणाली. "आमच्या घरी बाबा पाहुणे म्हणून कधीही येतील, पण हातात पाना नसेल."

मी हसलो. बाकी कुणी हसलं नाही. शेखांनी चष्मा सावरला आणि शब्दन् शब्द लिहून घेतला! मुलीचा पालक म्हणून खाली सही माझी. केली. करतो काय!

कागदाची घडी घालता घालता शेख माझ्याकडे झुकले. "अबू गैदा, तुम्ही या विषयातले जाणकार असं ऐकलं. हल्ली आमच्या शेगडीची ज्योत पिवळी येते हो, भांडी काळी पडतात. जरा येऊन बघता?"

उम्म गैदा माझ्याकडे बघत होती. मला सगळं ठाऊक होतं! पिवळी ज्योत म्हणजे गॅस नीट जळत नाही, विषारी धूर होतो. सांगण्यासारखं तासभर होतं. मी घसा साफ केला.

"खिडकी उघडी ठेवा, शेख," मी म्हणालो, "आणि शेगडी वापरायच्या आधी मिस्त्री बोलवा."

सव्वीस वर्षांत मी दिलेल्या हजारो सल्ल्यांपैकी हा पहिलाच, ज्यावर उम्म गैदाने मान डोलावली.