मिशा फुटल्या की बसंल खाली

आमचा सुभादादा अर्धी दाढी करून उचगावच्या चौकात उभा हाय, हे मी एकदा न्हाय, लई वेळा बघितलंय. एका गालाला साबण, खांद्यावर टॉवेल, हातात कुणाच्या तरी पंपाचं बेरिंग. दाढी करताना शेजारच्या मोटरीचा आवाज बिघडलेला ऐकू आला, म्हणून ती खोलली. बेरिंग आणायला निघाला, तर वाटेत कुणाचा तरी मांडव उभा राहत व्हता, तिथं बांबू धरला. दाढीचं काय म्हणून विचारलं की, "हे आलोच की."

हे "आलोच की" मी लग्नाकार्यात करून दाखवतो. मान वाकडी, एक पाय उंबऱ्याभायेर. पब्लिक हसून बेजार. दादा बी हसतो, फक्त मधीच उठून जातो.

दादा म्हणजे माझ्या चुलत्यांचा, आबांचा थोरला. शाळेत बाकावर कमी आणि वर्गाभायेर जास्त. गुर्जींनी वैतागून पाण्याचं पिंप भरायला सांगितलं, तर पठ्ठ्यानं पिंप भरलं, झाडांना पाणी घातलं आणि नळ चालू ठेवून घरी आला. आबांनी छडी काढली. मुद्दाम करतंय बेणं, म्हणायचे. काकू मधी पडायची, मिशा फुटल्या की बसंल खाली.

मिशा फुटल्या. मग ठरलं, लगीन झालं की बसंल. अक्षतांच्या टायमाला नवरदेव गायब. जनरेटर बंद पडलेला, आणि मुंडावळ्या कानामागं सारून ह्यो तिथं दोरी ओढत व्हता. मग म्हणाले, पोर झालं की बसंल.

पोरगी झाली. दादा कागलच्या एमआयडीसीत लागला. पहिल्यांदा माल तपासायला बसवला, आठवड्यात उठवला. मग मेंटेनन्सला टाकला. तिथं चार मशिनी एकदम बंद पडल्या की सगळ्यांचं डोकं फिरतंय, दादाचं जाग्यावर येतंय. वयानं पळापळ कमी झाली खरी. पण एकदा मला म्हणाला, "पाय दमल्यात रं. डोकं दमत न्हाय." त्या बोलण्याची नक्कल मला अजून जमली न्हाय.

पोरगी राणी चौथीत गेली. ती पळत न्हाय. खिडकीतनं बघत बसती, गणित अर्ध्यात सोडती, दप्तर शाळेतच ठेवून येती. पोरगी हुशार हाय पण ध्यान न्हाय, बाईंनी कळवलं. आबांनी जुनं औषध काढलं, छडी. दादानं ती त्यांच्या हातातनं काढून घेतली. "तिला न्हाय," एवढंच म्हणाला.

राणीला घेऊन बाईंनी सांगितलेल्या डॉक्टरांकडं कोल्हापुरात गेलो. डॉक्टर काय दिवे लावतोय बघू, म्हणून आबा बी आले आणि भायेर बाकड्यावर बसले. दादा मधीच उठून जाऊ नये म्हणून मी आत.

वस्तू हरवतात का, सुरू केलेलं अर्धं राहतं का, हाक मारली तर ऐकू येत नाही का, डॉक्टर एकेक विचारत व्हते. दादा प्रत्येकाला व्हय व्हय. वर पिंपाचं सांगितलं, जनरेटरचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "मी मुलीचं विचारतोय."

मग त्यांनी समजावलं. राणीला अजून दोनतीनदा बघावं लागंल. पण काही पोरांचं ध्यान एका जागी ठरत न्हाय, ते मेंदूतच असतंय. आळस न्हवं, माज न्हवं. पुष्कळदा रक्तातनं येतंय. मोठेपणी काहींचं कमी होतंय, काहींचं नुसतं रूप बदलतंय. मारून जात न्हाय.

दादा दाराकडं बघत बसला. मग हळूच म्हणाला, "डॉक्टर, आबा भायेर बसल्यात. एवढं त्यास्नी सांगशीला काय? मी मुद्दाम करत न्हवतो म्हणून."