घरटी एक माणूस

विमानाच्या सामानात शेवटचे सहा किलो उरले होते. त्या सहा किलोंत बदरुन्निसाची जाड बुडाची दोन पातेली सहज बसली असती. मी त्याऐवजी एक जाळं भरलं. निर्णय एवढासाच होता. माझ्या आयुष्यातले सगळे मोठे घोटाळे अशाच एवढ्याशा निर्णयांतून झालेले आहेत, आणि ते निर्णय घेताना मी कमालीचा शांत असतो. (एरवी मी शांत नसतो. गॅस बंद केला का हे बघायला पोलादपूरच्या स्टँडवरून दोनदा परत आलेला माणूस आहे मी.)

जाळं ऑलिव्हचं होतं. आम्ही नवराबायकोने स्पेनमध्ये बावीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ डोंगरातल्या एका खेड्यात. मी विद्यापीठात शिकवायचो. विषय मध्ययुगातल्या पाटबंधाऱ्यांचा इतिहास. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी कुणाच्या शेताला किती घटका पाणी मिळत होतं ते मी छातीठोकपणे सांगू शकतो. घरातला नळ गळायला लागला की मात्र बदरुन्निसाला हाक मारतो. त्या खेड्यात थंडीच्या तोंडावर ऑलिव्ह उतरवायची वेळ आली की सगळं गाव एकमेकांच्या बागेत जायचं. झाडाखाली हिरवी जाळी पसरायची, लांब काठ्यांनी फांद्या झोडायच्या आणि फळांनी भरलेलं जाळं चौघांनी चार कोपरे धरून उचलायचं. मी नऊ वर्षं एक कोपरा धरला. त्यावरून आपल्याला शेतीतलं कळतं, असा माझा समज झाला. निघताना शेजारच्या म्हाताऱ्याने आठवण म्हणून ते जुनं जाळं मला दिलं. त्याला बहुधा ते टाकूनच द्यायचं होतं, असं आता वाटतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या भाद्रपदात आम्ही पोलादपूरजवळच्या कापड्याला येऊन राहिलो. आम्ही मूळचे महाडचे देशमुख. पण आजोबांनी कधीकाळी कापड्यात अकरा गुंठे भातशेती घेतली होती आणि तिच्या कडेला दोन खोल्या होत्या. शेजारचा कुशाबा ती जमीन करायचा. त्या वर्षीची लावणीही त्यानेच आम्ही यायच्या आधी उरकून ठेवली होती. निवृत्तीनंतर खेड्यात राहायचं, आपल्या भाताचा भात खायचा, संध्याकाळी ओट्यावर बसून डोंगराकडे बघायचं, हे माझं स्वप्न. बदरुन्निसाचं नव्हे. ती दासगावच्या शेतकऱ्याची मुलगी. चिखल म्हणजे काय ते तिला स्वप्नात बघावं लागत नव्हतं. तिचा भाऊ हमजा याचा महाडला ट्रान्सपोर्टचा धंदा आणि ऑफिसच्या वर रिकामा फ्लॅट. तिथे चोवीस तास पाणी होतं, तीन मिनिटांवर मासळी बाजार होता आणि बोलायला माणसं होती.

शेवटी आमच्यात तह झाला. ती मला आमच्या मुलीच्या नावाने हाक मारते. म्हणाली, "आफियाचे अब्बा, दिवाळीपर्यंत बघू. तोवर या गावाने आपल्या घरातलं एक माणूस जरी आपलं म्हणून मोजलं, तर राहू. नाहीतर हमजाचा टेम्पो बोलवायचा."

मला अट सोपी वाटली. (मला कोणतीही अट आधी सोपी वाटते.)

पहिला महिना काही बरा गेला नाही. स्पेनच्या खेड्यात आम्हाला सगळे 'ते हिंदी' म्हणायचे. कापड्यात 'ते स्पेनवाले' म्हणायला लागले. माझ्या नावामागे डॉक्टर लागतं हे कळल्यावर वरच्या आळीची बयाबाई गुडघा दाखवायला आली. मी पीएच.डी. म्हणजे काय हे तिला पाऊण तास समजावून सांगितलं. परत जाऊन तिने गावात सांगितलं की डॉक्टर हाय, पन त्याला काय येत नाय. इतकं अचूक निदान माझं आजवर कुणी केलेलं नाही.

आणि मग अश्विनात कुशाबा ओट्यावर येऊन बसला. आमचं भात हळवं, म्हणून सगळ्यांच्या आधी पिकलं होतं. मजूर मिळत नव्हते, सगळे मुंबईला. त्याने सावडीचं सुचवलं. सावड म्हणजे नऊ घरांनी मिळून पाळीपाळीने एकमेकांचं भात काढायचं. पैशाचं नाव नाही. घरटी एक माणूस. आज आठ घरं तुमच्या शेतात, उद्यापासून तुमच्या घरचं माणूस त्या आठ घरांच्या शेतात.

घरटी एक माणूस. बदरुन्निसाची अट मला शब्दशः ऐकू आली. मी कुशाबाला वाक्य पुरं करू दिलं नाही, हो म्हणून टाकलं. आत जाऊन तिला सांगितलं की गावाने मला मोजलं. ती तांदूळ निवडत होती. माझ्या कमरेकडे एकदा बघून ती म्हणाली, "आधी कापून तर दाखवा."

माझी कापणी दीड दिवसात झाली. माझी म्हणजे आठ जणांनी केलेली. मी मधे मधे पाणी देत होतो आणि स्पेनमध्ये हे कसं करतात ते सांगत होतो. भात दोन दिवस शेतातच वाळत पडलं. तिसऱ्या दिवशी झोडणी. त्या सकाळी महाबळेश्वरच्या अंगाने आभाळ भरून आलं. भात भिजलं तर संपलं. आणि खळं, म्हणजे शेणाने सारवलेली झोडणीची जागा, कुशाबाच्या घरामागे, चढावर. भारे वाहून नेण्यातच दुपार झाली असती. आठही माणसं आभाळाकडे बघत उभी होती.

अशा क्षणासाठीच मी सहा किलो वाहून आणले होते. मी घरात गेलो, जाळं काढलं आणि शेतातच, कापलेल्या भाताच्या खुंटांवर, पसरलं. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद. भारे वाहायचेच नाहीत, इथेच झोडायचं, मग चार कोपरे धरून उचलायचं. मी हे सांगितलं तेव्हा सगळे गप्प झाले. मला वाटलं, भारावून.

कुशाबा वाकला. त्याने जाळं बोटांनी चाचपलं.

"सायेब, याला भोकं हायत."

"ती हवा खेळायला असतात, कुशाबा."

बावीस वर्षं विद्यापीठात शिकवल्याचा हा परिणाम. कोणताही प्रश्न आला की उत्तर तोंडातून बाहेर पडतं, आणि ते खरं आहे का याचा विचार मी नंतर, साधारण मध्यरात्री, सुरू करतो. कुशाबाने सावडीतल्या सदूकडे बघितलं, सदूने बयाबाईकडे. शिकलेल्या माणसाला दोनदा विचारणं बरं नव्हे, असं त्यांना वाटलं असावं. जाळ्यावर दगड मांडले, आणि झोडणी सुरू झाली.

काय सुंदर दृश्य होतं ते. आठ माणसं पेंढ्या उचलून दगडावर आपटत होती, दाणे उडत होते, पेंढा बाजूला पडत होता. मी कोपऱ्यावर उभा होतो. (माझा नेहमीचा कोपरा.) आभाळ धरून राहिलं होतं. साडेअकराला शेवटची पेंढी झोडून झाली. तेवढ्यात बदरुन्निसा डोक्यावर भाकऱ्यांची पाटी घेऊन बांधावर आली. तिने बघावं, म्हणून मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "चला, कोपरे धरा."

चौघांनी कोपरे धरले. जाळं जड असणार म्हणून मी पाय रोवून, दम धरून उचललं. आणि मागच्या मागे बांधावर बसलो, कारण जाळ्याला वजनच नव्हतं. त्यात थोडा भुसा होता, एक टोळ होता, आणि बयाबाईची तंबाखूची पिशवी होती. ऑलिव्ह केवढं असतं आणि भाताचा दाणा केवढा, ही तुलना मी आयुष्यात प्रथमच केली.

अकरा गुंठ्यांतलं सगळं भात खाली होतं. खुंटांच्या मधे, जमिनीला पडलेल्या भेगांत, हात जाणार नाही इतक्या आत.

आठ माणसांची सकाळ मातीत गेली होती आणि माझी दिवाळी महाडला गेली होती. कुशाबाने टोपी काढून डोकं खाजवलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "हवा बाकी चांगली खेळली, सायेब."

तेव्हा बदरुन्निसा हसली. कापड्याला आल्यापासून पहिल्यांदा. पाटी बांधावर ठेवून, पोट धरून हसली. मग बयाबाई हसली, मग सदू, मग सगळेच. मीही हसलो. (कुणीतरी लाजायला हवं होतं, पण एकट्याने किती लाजणार.) आणि मग माझ्या बायकोने पदर खोचला, खराटा मागवला आणि शेताच्या एका टोकाला उकिडवी बसली. दासगावची मुलगी जागी झाली होती. खुंटांच्या मधून दाणे कसे ओढायचे, माती कशी पाखडायची, भेगेतले दाणे कशाने काढायचे, हे तिला हाताने येत होतं. बयाबाई तिच्या शेजारी बसली. दोघी एकीकडे दाणे वेचत होत्या आणि दुसरीकडे नवऱ्यांविषयी बोलत होत्या. मी जवळ गेलो की विषय बदलत होता. निम्मं भात हाती लागलं. उरलेलं गावातल्या कोंबड्यांनी आठवडाभर खाल्लं. बयाबाई आजही म्हणते की त्या वर्षीसारखी अंडी तिला परत कधी मिळाली नाहीत.

पाऊस काही पडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून आठ घरांची फेड सुरू झाली. पहिल्या दिवशी कुशाबाच्या शेतात मी स्वतः गेलो. इतरांच्या पाच ओळी झाल्या तेव्हा माझी एक झाली होती, आणि तीही सरळ नव्हती. दहाच्या सुमारास मी विळ्याने अंगठा कापून घेतला. मग एक जण पाणी आणायला गेला, एक चिंधी आणायला, आणि दोघं मला सावलीत नेऊन बसवायला. म्हणजे घरटी एक माणूस देण्याऐवजी मी कुशाबाची चार माणसं काढून घेतली. संध्याकाळी त्याने हळूच सुचवलं की सायेबांनी अंगठा जपावा, उद्या भाभी आल्या तरी चालेल.

उद्या भाभी गेल्या. परवाही गेल्या. मी घरी भाकऱ्या थापायला शिकलो. (त्यांचा आकार स्पेनच्या नकाशासारखा येतो, असं बदरुन्निसा म्हणते.) ती संध्याकाळी मातीने माखून यायची आणि गावातल्या अशा बातम्या सांगायची की ज्या मला बावीस वर्षांच्या संशोधनातही मिळाल्या नसत्या. पण मला तिची अट आठवत होती. तिने आठ घरं फेडली म्हणजे माझी नाचक्की धुतली, एवढंच. गावाने कुणाला मोजलं, असं कुठे झालं होतं? वसुबारसेला मी गुपचूप माझी पुस्तकं खोक्यात भरली. तिने ती बघितली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी हमजा टेम्पो घेऊन दारात हजर झाला. बदरुन्निसाने महिन्यापूर्वीच त्याला तारीख सांगून ठेवली होती. ती मागच्या परसात होती. हमजा ओट्यावर चहा पीत होता, मी खोक्यांना दोरी बांधत होतो. तेवढ्यात कुशाबा आला. वरच्या आळीतल्या कुणा गीताबाईचं गरवं, उशिरा पिकणारं भात राहिलं होतं आणि तिने सावडीत आमचं घर धरलं होतं. जुन्या फेडीचा संबंध नव्हता, ही नवी सावड होती. त्याने दारातूनच विचारलं, "घरचं मानूस हाय का?"

गावाने मोजलं होतं. मी दोरी टाकली, सदरा नीट केला, बरा झालेला अंगठा पुढे केला आणि म्हणालो, "आहे, कुशाबा."

कुशाबा मान वाकडी करून माझ्या खांद्यावरून आत बघायला लागला.

"त्ये दिसतंय, सायेब. पन भाभी कुठं गेल्या?"

भाभी परसातून विळा घेऊनच आल्या. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि हमजाला म्हणाली, "टेम्पो परत ने. ठरलं होतं तसं झालं. एक माणूस मोजलं."

ती कुशाबाच्या मागून बांध चढून गेली. मी खोकी सोडायला बसलो. हमजाने चहा संपवला, गाडी सुरू केली, आणि जाता जाता खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"दुल्हाभाई, टेम्पो मोकळाच चाललाय. तुम्हाला सोडू का महाडला?"

मी नको म्हणालो. पण पुन्हा कधी येणार आहेस, ते विचारून ठेवलं.