दोन हप्ते आधी भरल्याची शिक्षा

भांडायला जाताना चपला बाहेर काढणारा माणूस मी एकच पाहिलाय, गुजराती मुलखातल्या आमच्या उधन्याच्या सोसायटीतले भामरे अण्णा. बँकेच्या दारात चपला काढायच्या, पहारेकऱ्याला नमस्कार करायचा आणि आत पाऊल टाकताच गरजायचं, "हाई काय चेष्टा शे का?" एकदा त्या चपला चोरीला गेल्या. अण्णांनी बँकेकडे त्यांचीही भरपाई मागितली. अर्ज लिहून देणारा मी, त्यामुळे त्या ओळीचं पाप माझ्या माथी.

प्रकरण तसं साधं. अण्णांच्या वैशालीनं शैक्षणिक कर्ज काढून नर्सिंग केलं, पुण्यात नोकरीला लागली. हप्त्याचे पैसे ती अण्णांना पाठवायची, अण्णा बँकेत भरायचे. श्रावणात कानबाईच्या सणासाठी आम्ही खानदेशी गावी पळतो. अण्णा तर गेले की महिनाभर परतत नाहीत. हप्ता चुकू नये म्हणून त्यांनी निघण्याआधीच दोन हप्ते एकदम भरले. बँकेनं जादाची रक्कम मुद्दलात वळती केली, पुढचा हप्ता थकला म्हणून दंड ठोकला आणि नोटीस थेट वैशालीला धाडली. आधी पैसे भरले म्हणून दंड! हे लिहितानाही माझं डोकं फिरतं.

बँकेचे साहेब म्हणायचे, "सिस्टीमने लगाया है, काका."

"तो सिस्टीम कू बुलाव ने बाहर!" अण्णा ओरडायचे. आणि साहेब? निर्लज्जपणे हसायचे.

दंडाहून जास्त पैसे अण्णांचे रिक्षात गेले असतील. मी तसं बोलून दाखवलं, तर माझ्याशी आठवडाभर अबोला.

शेवटी आम्ही बँकेच्या वरच्या कार्यालयात तक्रार केली, तेव्हा कुठे साहेब ताळ्यावर आले. दंड परत जमा झाला. मेल्याहून मेल्यासारखं तोंड करून साहेबांनी चहा मागवला. अण्णा चहाला हात लावेनात. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

"साहेब, मेरी लडकी को एक फोन करो ने. बँक के फोन से करो, मेरा वो उठाती नही. नोटीस आई तब पूछी थी, अण्णा, मेरा पैसा कहां उडाया? उसको बोलो, तेरे बाप ने भरा था. टाइम से पहले भरा था."

इतके महिने मी शेजारी बसून अर्ज लिहीत होतो, आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

साहेबांनी नंबर फिरवला. पलीकडून "हॅलो" ऐकू आलं, तसे अण्णा खुर्चीतून उठून उभे राहिले.