प्रिंटरचा पक्का पत्ता

दुसरा शनिवार, सकाळचे दहा. खापर गावच्या आमच्या वाचनालयात हजर तिघे: ग्रंथपाल शकीलभाई, खजिनदार म्हणून मी आणि आबा. आबा अजून दारातच उभे होते. कुठल्याही उंबऱ्याशी थांबून ते आतल्या माणसाचं नाव पुकारतात आणि ओ आल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. चौतीस वर्षं टपाल वाटलं, निवृत्त होऊन सहा झाली, सवय गेली नाही.

नव्या प्रिंटरसाठी साडेअकरा हजार मंजूर होते. जुना भंगारात आणि नवा शकीलभाईंच्या टेबलावर, असं ठरलं होतं. आबांनी पाच वाजेपर्यंतची मुदत मागून घेतली होती. तोवर जुना प्रिंटर तिन्ही संगणकांवरून चालला तर खरेदी रद्द.

त्यांची धडपड मला कळत होती. कोणी पानाला दोन रुपये भरून अर्ज छापला, की आबा कोपऱ्यातल्या प्रिंटरमधून कागद उचलतात, नाव पुकारतात आणि चार पावलं चालत जाऊन हातात देतात. प्रिंटर टेबलावर गेला की हे काम संपलं.

आमच्या संगणकांवर लिनक्स आहे. फुकट मिळतं म्हणून मीच सुचवलं होतं. आबांनी प्रिंटरांची यादी उघडली. एकाच प्रिंटरची सात नावं. बंद पडला की प्रत्येकाने तो नव्याने जोडलेला.

"एक माणूस, सात पत्ता! टपाल कोनाले देऊ?" मूळचे कोरीट गावचे असल्याने आबा चिडले की अहिराणीतच बोलतात.

दुखणं त्यांनी दुपारपर्यंत शोधलं. वीज जाऊन आली की राउटर प्रिंटरला पत्ता म्हणून नवा आकडा देई आणि संगणक जुन्याच आकड्यावर कागद पाठवत राहत. "लाइट गई का हाऊ घर बदलस," आबा म्हणाले. "ह्याले पक्कं घर देवानं."

त्यांनी राउटरमध्ये प्रिंटरसाठी एक आकडा कायमचा राखला. सातही जुन्या नोंदी पुसल्या. मग तिन्ही संगणकांवर नवा पत्ता एका बोटाने टंकला. दोघांनी घेतला, तिसरा घेईना. चार वेळा टंकला. मी चष्मा लावून पाहिलं, तर कीबोर्ड मराठीवर होता आणि आकडे देवनागरी.

"आबा, जिद छोडो," शकीलभाई घड्याळ बघत म्हणाले. "मला प्रिंटरचं दुकान गाठायचंय."

"पत्ता सापडना नही म्हनीसन टपाल फेकी दिऊ का?" आबांनी पाचव्यांदा टंकला. इंग्रजी आकड्यांत. घेतला.

सव्वाचारला शकीलभाईंनी विजेचं मुख्य बटण बंद केलं, दहापर्यंत मोजलं, चालू केलं. खरी परीक्षा तीच होती. पहिल्या संगणकावरून कागद निघाला. "खजिनदार साहेब, कागद!" दुसऱ्यावरून निघाला. "शकीलभाई, कागद!" दोन्ही कागद ज्याच्या त्याच्या हातात पोचते झाले.

तिसऱ्यावर मी बसलो. "नाव कोणाचं टाकू?"

आबा प्रिंटरकडे वळले. "मन्हं टाक."

मी त्यांचं नाव आणि गाव टंकून पाठवलं. त्यांनी कागद उचलला, सवयीने स्वतःचंच नाव पुकारलं. मग कागद उलटा करून पाहिला.

"मजकूर कोठे शे?"

"चाचणीचा कागद आहे, आबा."

"चौतीस वरीस वाटात, पन मन्हा नावनं एक कार्ड उनं नही," ते म्हणाले. तक्रार नव्हती. हिशेब सांगावा तसा सूर होता.

मी पुन्हा बसलो आणि टंकलं: 'आबा, प्रिंटर कोपऱ्यातच राहणार आहे. सोमवारी दहाला या. वाट पाहतो.' आबा उचलायला निघाले, तर शकीलभाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं. कागद उचलून ते बाहेर गेले, उंबऱ्याशी उभे राहिले आणि आबांचं नाव पुकारलं.

"ओ!" आबा म्हणाले.

कागद त्यांनी दोनदा वाचला, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि माझ्यापुढे हात पसरला. "टपालनं तिकीट?"

साडेअकरा हजार जिथल्या तिथे राहिले. एका पानाचे दोन रुपये मी आबांच्या हातावर ठेवले.