तुरीनं तोडलेली लाइन

अकोल्याच्या त्या दालमिलमध्ये अमरावतीहून येणाऱ्या फोनला नमस्कार-चमत्कार उरला नव्हता. बंडू तिकडून "गेली" एवढंच म्हणायचा. इकडून नगमा "पाहते" म्हणायची. थोड्या वेळानं पुन्हा फोन यायचा, "आली." ऐकणाऱ्या परक्या माणसाला वाटावं, यांच्या घरची म्हैस फार नाठाळ दिसते.

जायची-यायची ती लाइन. मिलमधली डाळ कोणत्या गोदामात किती, कोणत्या दुकानदाराला काय कबूल केलं, हा सगळा संसार अकोल्यातल्या एका सर्व्हरमध्ये होता. अमरावतीच्या विक्री कार्यालयात बसून बंडू तो नेटवरून पाहायचा. समोर गिऱ्हाईक येऊन "चना डाळ हाये का?" विचारायचं, आणि नेमकी त्याच वेळी लाइन जायची. बंडूचा आवाज असा, की फोन हे त्याच्यासाठी केवळ निमित्त. बडनेऱ्याच्या स्टेशनावरचे लोक तो ऐकून डाळीचा भाव सांगायचे, असं म्हणतात.

मिल दोघांची होती. नत्थुजी तूर विकत घेत आणि अय्युबभाई डाळ विकत. इतक्या वर्षांच्या भागीदारीत दोघांचं भांडण फक्त चहातल्या साखरेवरून झालं होतं, तेही अजून मिटलं नव्हतं. नगमा ही अय्युबभाईंची मुलगी. कॉम्प्युटर शिकून आली आणि हा सर्व्हर तिनंच बसवला. ते पाहून नत्थुजींनी जाहीर केलं, की अमरावतीचं कार्यालय आता पोरीच्या हाती द्यायचं. नगमाला तेच हवं होतं, बंडूचीही ना नव्हती. अय्युबभाईंनी मात्र अट घातली.

"एक हप्ता लाइन तुटली नाई पाहिजे," ते म्हणाले. "मंग खुशाल जा. इथं बसून जे सांभाळता येत नाई, थे तिथं जाऊन काय सांभाळशीन?"

नगमा कामाला लागली. आधी नेटवाल्याचा माणूस येऊन नवी वायर टाकून गेला. लाइन दुपारपर्यंत गुणी मुलासारखी वागली आणि मग गेली. मग उंदरांवर आळ आला. पिंजरा लावला, त्यात मुनीमजींची चप्पल सापडली. मग कोणी म्हणालं, सर्व्हरला ऊन लागत असेल. अकोल्याच्या उन्हाबद्दल कोणी काहीही म्हटलं तरी ते खरंच असतं. त्यामुळे सर्व्हरच्या खोलीत मोठा कूलर बसला. कूलर बसल्याबरोबर हिशेबाची दोन टेबलं त्या खोलीत सरकली, पाठोपाठ मुनीमजी आले, मग पाणी प्यायला येणारे हमाल तिथंच टेकू लागले. खोलीत इतकी माणसं झाली, की सर्व्हर पूर्वीपेक्षा जास्त तापला. नगमानं सगळ्यांना बाहेर काढलं, तेव्हा तीन दिवस कोणी तिच्याशी धड बोललं नाही.

खरा शोध लावला नत्थुजींनी. त्यांच्या लक्षात आलं, की तुरीचा ट्रॅक्टर आला की लाइन जाते. नगमानं ताडून पाहिलं. बिनचूक. ट्रॅक्टर आत, लाइन बाहेर.

आता कारण सापडल्यावर उपाय सोपा होता. ट्रॅक्टरच्या हादऱ्यानं वायर हलत असणार, म्हणून ट्रॅक्टर रस्त्यावरच थांबवायचे ठरले. शेतकरी नमुन्याची तूर घमेल्यात घेऊन पायी आत येऊ लागले. तरी लाइन गेली. मग घमेलं जरा अलगद ठेवा, असं सांगण्यात आलं. शेतकरी पाळण्यात बाळ ठेवावं तशी तूर ठेवू लागले. तरी लाइन गेलीच.

नत्थुजी रात्रभर विचार करून सकाळी मिलमध्ये आले. म्हणाले, "ट्रॅक्टर बिचारा सज्जन हाये. दोष तुरीचा हाये."

हे वाक्य मिलच्या फाटकाबाहेर गेलं आणि दुपारपर्यंत मूर्तिजापूरला पोचलं. वाटेत ते थोडं वाढलं. मूर्तिजापूरकडच्या तुरीत काहीतरी असं आहे, की तिच्या नुसत्या वासानं नेट बंद पडतं, असं त्याचं रूप झालं. एका गावात तर लोकांनी मोबाइल तुरीच्या पोत्यांपासून दूर, गोठ्यात नेऊन ठेवले. शेतकऱ्यांना राग आला. त्यांनी आपली तूर दुसऱ्या मिलकडे वळवली. जीवन नावाचा एकच शेतकरी तेवढा मागे हटला नाही. तो भरलेला ट्रॅक्टर घेऊन आला, फाटकासमोर उभा केला आणि पोत्यावर चढून बसला. जोवर मालक आपल्या तुरीची माफी मागत नाहीत तोवर इथून हलणार नाही, असं त्यानं सांगून टाकलं.

आणि मग नवल झालं. तूर यायची थांबली तशी लाइन सुधारली. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवार गेला. बंडूचा "गेली" असा फोन नाही. मिल मात्र उपाशी. यंत्रं गप्प, हमाल झाडाखाली झोपलेले, नत्थुजी रिकाम्या अंगणात येरझारा घालताहेत आणि आत सर्व्हर ठणठणीत. शनिवारी अय्युबभाईंची अट पुरी होणार होती. नगमाला फक्त हात बांधून बसायचं होतं.

शुक्रवारपर्यंत ती बसली. शनिवारी सकाळी उठून फाटकाशी गेली.

"जीवनभाऊ, खाली उतरा," ती म्हणाली. "तुमची तूर आत आना."

"पन लाइन जाईन ना, बाई."

"जाऊ द्या. कशानं जाते थे तं पाहू."

बापाची अट अवघ्या काही तासांवर आली असताना पोरगी आपल्या पायानं तूर आत आणते आहे, हे पाहून नत्थुजींनी कपाळावर हात मारला. अय्युबभाई नुसते मागोमाग चालत राहिले. नगमानं लॅपटॉप उघडा धरला होता. लाइन चालू असेपर्यंत पडद्यावर एकेक ओळ सरकत राहायची. ओंजळभर तूर घेऊन जीवन तिच्या शेजारी. वरात आधी सर्व्हरच्या खोलीत गेली. जीवननं तूर सर्व्हरला दाखवली, मग धीर करून त्याच्यावर टेकवलीसुद्धा. ओळी सरकत राहिल्या. वायरीपाशी नेली, दारात नेली. काही नाही. शेवटी नेहमीप्रमाणे वरात नत्थुजींच्या टेबलापाशी आली. नत्थुजींनी सवयीनं तूर घेतली, टेबलावरच्या मशीनमध्ये ओतली आणि बटण दाबलं.

ओळी थांबल्या. नगमाचा फोन वाजला. "गेली," बंडू म्हणाला.

"काका, हे मशीन कवापासून हाये?"

ते तुरीतला ओलावा मोजायचं मशीन होतं, यंदाच आणलेलं. आकडा आपोआप कॉम्प्युटरवर जावा म्हणून नेटला जोडलेलं. नेटवर प्रत्येक यंत्राला ओळखीचा एक नंबर लागतो, तसा यालाही दिलेला. चालू व्हायचं ते फक्त तूर आली की.

"याले नंबर कोनता देल्ला?" नगमानं विचारलं.

"बसवनाऱ्यानं इचारलं, कोनता देऊ. मी म्हटलं, अकरा."

नगमा खुर्चीत बसली. नत्थुजींनी जन्मात कोणाला दहा दिले नव्हते. आहेर अकराचा, वर्गणी एकशे एकाची. वरचा एक नसेल तर त्यांना घास गिळवत नसे. सर्व्हरची पूजा झाली त्या दिवशीही त्यांनीच नगमाला हट्टानं सांगितलं होतं, की पोरी, याले शगुनाचा नंबर दे. तिनं दिला होता. अकरा.

"काका, समजा वजनकाट्यावर दोन शेतकऱ्यांना एकच टोकन देल्लं, तं काय होईन?"

"भांडन होईन," नत्थुजी म्हणाले. मग त्यांनी मशीनकडे पाहिलं, सर्व्हरच्या खोलीकडे पाहिलं. त्यांचा आवाज उतरला. "म्हंजे मीच लावलं का हे भांडन?"

मशीनचा नंबर बदलायचा ठरला. नगमानं बारा सुचवला. नत्थुजींचा चेहरा पाहून एकवीस केला. पुन्हा तूर ओतली, बटण दाबलं; ओळी सरकत राहिल्या. नत्थुजी जीवनसमोर गेले आणि हात जोडून त्यांनी तुरीची माफी मागितली. जीवनची नव्हे, तुरीची. तसंच ठरलं होतं.

"पन लाइन तं तुटली," अय्युबभाई हळूच म्हणाले. "हप्ता पुरा नाई झाला."

"अय्युबभाई, लाइन मी तोडली," नत्थुजी म्हणाले. "पोरीनं जोडली. आता अट सांगशीन तं साखरेचं भांडन पुन्हा काढीन."

अय्युबभाईंनी तुरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "सोमवारी जा, बेटा."

सोमवारी नगमा अमरावतीच्या खुर्चीत बसली. सकाळ छान गेली. दुपारी चारला बंडू सवयीनं म्हणाला, "गेली."

सर्व्हर दिसेना, पण अकोल्याचा राउटर चालू होता; नगमानं लॅपटॉपवरून त्याची यादी उघडली, कोणत्या नंबरवर कोणतं यंत्र जोडलंय त्याची. अकरा नंबरवर सर्व्हरच्या जोडीला आणखी कोणीतरी येऊन बसलं होतं. समोर नाव होतं: अय्युब मोबाइल. तिनं फोन लावला.

"अब्बा, मोबाइलले कोनता नंबर देल्ला?"

"तूच तं समजावून सांगतलं होतं सगळं," अय्युबभाई म्हणाले. "पाहत होतो, तुले तिथून दिसते का."

"दिसलं."

"जेवली का?"

"जेवली, अब्बा."

"मंग काढतो नंबर."

लाइन आली. त्या संध्याकाळी अय्युबभाईंनी मिलमधल्या प्रत्येक माणसाला, आणि माणसं संपल्यावर फाटकाबाहेरच्या पानवाल्याला, सांगितलं की आपली पोरगी अमरावतीत बसून अकोल्यातला चोर पकडते.

तेव्हापासून लाइन कधी अवेळी गेली नाही. जाते ती रोज चारला, जेवलीस का विचारण्यापुरती. बंडूनं त्या वेळेला चहा ठेवायला सुरुवात केली. दुकानदारांनाही ठाऊक झालं. चारला कोणी डाळ विचारत नाही, चहालाच येतात.

एके दिवशी मात्र चार वाजून गेले आणि लाइन चालूच राहिली. बंडूनं चहा गाळला, तरी चालू. दुकानदार एकमेकांकडे पाहू लागले. नगमानं वायर तपासली, राउटर तपासला, मग अकोल्याला फोन लावला.

"अब्बा, लाइन काहून नाई गेली?"

"मोबाइल चार्जिंगले होता, बेटा," अय्युबभाई घाईघाईनं म्हणाले. "थांब, आता तोडतो."