प्रिंटरला दिलेली परवानगी

"बाबा, तुम्ही प्रिंटरला काही केलंत का?" सुनेने विचारलं.

"मी कशाला करू? त्यानेच विचारलं, 'अपडेट करू का?' मी हो म्हटलं."

सासरे परवाने देणाऱ्या खात्यातून निवृत्त झाले होते. नोकरीत त्यांनी सहसा कोणाला परवाना दिला नव्हता. निवृत्तीनंतर मात्र त्यांची परवानगी मागणारंच कोणी उरलं नाही. घरात फ्रीजसुद्धा त्यांना न विचारता आला. अशात एका यंत्राने अदबीने विचारल्यावर त्यांना नाही म्हणवेना.

अपडेट झालेल्या प्रिंटरच्या पडद्यावर आता मजकूर होता: 'हे कार्ट्रिज आमच्या कंपनीचे नाही. छपाई बंद.' कालपर्यंत त्याच स्वस्तातल्या कार्ट्रिजवर तो मुकाट छापत होता.

सुनेला मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी अर्ज द्यायचा होता आणि मुदत आज पाचला संपत होती. ती विज्ञान शिकवत असे, म्हणून तिने प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केला. नवऱ्याला विज्ञानातलं काही कळत नसे. त्यानेही तेच केलं. मग तो बाजारात जाऊन कंपनीचं काळं कार्ट्रिज घेऊन आला. प्रिंटरने ते पोटात घेतलं आणि थोडा वेळ गुरगुरून कळवलं: 'पिवळे कार्ट्रिज आमच्या कंपनीचे नाही.'

"अहो, पण अर्जात पिवळं अक्षर औषधालासुद्धा नाही!" सून ओरडली.

"जोडपत्रात खोट निघाली की मीही अख्खी फाईल परत पाठवायचो," सासरे कौतुकाने म्हणाले. "यंत्राला पद्धत माहीत आहे."

"बाबा, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?" नवऱ्याने विचारलं.

"नियमाच्या."

नवरा कोपऱ्यावरच्या छपाईच्या दुकानात धावला. स्वस्तातली कार्ट्रिजं तिथल्या दुकानदारानेच विकली होती आणि तोही तीच वापरत होता. तो अर्धं शटर ओढून आत बसला होता. "साहेब, सकाळपासून तुम्ही कितवे ते विचारू नका," एवढंच तो म्हणाला.

"आता काय, हाताने लिहू?" सून रडकुंडीला आली.

"लिही की," सासरे म्हणाले. "जाहिरातीत 'छापील किंवा सुवाच्य हस्ताक्षरात' असं स्वच्छ म्हटलंय."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"मला विचारलं कोणी?"

सुनेने दात-ओठ खात, पण सुवाच्य, अर्ज लिहिला. सासऱ्यांना मागे बसवून तिने स्कूटर शिक्षणसंस्थेच्या कार्यालयाकडे पिटाळली. खिडकी बंद होता होता अर्ज आत सरकला.

"बाकीचे कोणी आले नाहीत?" तिने धापा टाकत विचारलं.

"कुठले येतायत!" कारकून म्हणाला. "तुम्हा शिक्षकांनी मिळून एकाच कंपनीचे प्रिंटर घेतलेत ना? सगळ्यांचे फोन येऊन गेले. मुदत वाढवा म्हणतात. मी म्हटलं, जमणार नाही."

"म्हणजे माझा एकटीचाच अर्ज?" तिचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा खुलला.

"एकटीचाच. म्हणून तर निवड रद्द. किमान दोन अर्ज लागतात. पुढच्या वर्षी जाहिरात पुन्हा निघेल."

"अगदी बरोबर!" सासरे खिडकीत डोकं घालून म्हणाले. "इतका नियम जाणणारा माणूस हल्ली बघायला मिळत नाही हो."

स्कूटर फाटकातून बाहेर पडली तेव्हाही ते कारकुनाचं अभिनंदन करत होते. मागची सीट रिकामी होती.