हृदयातला आरपार वारा

माणसाचे शरीर ही शिस्तीची संस्था आहे. बाहेरून आलेल्या वस्तूला ती लगेच हाकलत नाही. आधी चौकशी करते. काही सेकंदांत रक्तातली प्रथिने वस्तूवर जाऊन बसतात (जागा धरायला). मागोमाग पांढऱ्या पेशी येतात, तिला खाऊन पाहतात, आणि खाता येत नाही असे ठरले की तिच्याभोवती भिंत बांधतात. या भिंतीला शास्त्रात 'स्वीकार' म्हणतात. मी या घरात सून म्हणून आले तेव्हाही हीच पद्धत होती.

माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या, यागोदाच्या, हृदयातल्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून भोक होते. मांडीच्या शिरेतून बारीक तारांच्या जाळीची चकती नेऊन ते बुजवायचे ठरले. जाळीवर पेशी वाढतात आणि सहा महिन्यांत चकती शरीराचीच होते. तारीख मंगळवारची. ती हुकली तर पुढची शरद ऋतूत, आणि यागोदा आत्ताच जिना चढताना दोनदा खाली बसत होती. सही दोन्ही पालकांची हवी होती. माझा नवरा मिलोये आईला विचारल्याशिवाय वीजमीटरच्या अर्जावरही सही करत नाही.

मोरावा नदीकाठच्या आमच्या गावात मरणाचे एकच कारण मान्य आहे: दोन उघड्या खिडक्यांमधला आरपार वारा. सासूबाईंच्या मोजणीप्रमाणे गेल्या वर्षी एकाहत्तर माणसे गेली. अडुसष्ट वाऱ्याने, तिघे ट्रॅक्टरखाली (पण त्या ट्रॅक्टरला काचा नव्हत्या).

"काही चिरफाड नको," त्या म्हणाल्या. "भोक कशानं पडलं ते मला ठाऊक आहे. पोटुशी असताना ओल्या केसांनी खिडकीत कोण उभं होतं?"

मी संधी साधली. "तेच म्हणते मी, आई. दोन खोल्या, मधलं दार सताड उघडं. आत रात्रंदिवस वारा वाहतोय."

त्या ताडकन उठल्या. "मिलोये, गाढवा! पोरीच्या छातीत दार उघडं, आणि तू पेन शोधत बसलायस?"

मंगळवारी राजधानीतल्या इस्पितळात डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले, की सुरुवातीचे काही आठवडे जाळीतून थोडे झिरपेल.

"जाळीतून?" सासूबाई गरजल्या. "अहो, जाळीनं डास अडतो, वारा नाही! सही परत द्या."

तीन देशांत शिकलेले ते डॉक्टर उठले, त्यांनी आपल्या खोलीची खिडकी लावली, कडी ओढून पाहिली आणि म्हणाले, "आजी, आमच्या शस्त्रक्रियेच्या खोलीला खिडकीच नाही."

"मग आधी नाही का सांगायचं?"

चकती बसली. आत ते काम दीड तास चालले, आणि तेवढा वेळ मी बाहेरच्या व्हरांड्यात होते. व्हरांड्याच्या टोकाची खिडकी बोटभर उघडी होती. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. मी ती लावली. (दोनदा.)

यागोदा आता जिना धावत चढते. तपासणीच्या कागदावर 'स्वीकार पूर्ण, गळती नाही' असे लिहिले आहे. श्रेय कोणाचे, यावर घरात एकमत आहे: खिडक्यांचे.

वाचकांना हसू येत असेल तर त्यांनी अवश्य हसावे. फक्त त्याआधी भर मे महिन्यात बाळाला घातलेली कानटोपी काढून ठेवावी.